डिस्ने वर्ल्डमध्ये राहायचं, पण पार्कात जायचं नाही: चार दिवसांचा बेत कसा आखावा?

शार्लटकर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये चार रात्री राहायचा विचार आहे. पार्कांची तिकिटं काढायची नाहीत, एका दिवसाचंही नाही. माणसं सहा: आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबांच्या गुडघ्यांमुळे एका दमात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालणं नको. आई-बाबा पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. गाडी घेऊन येणार आहोत.

नुसत्या हॉटेलांवर, बोटी-मोनोरेलवर आणि डिस्ने स्प्रिंग्ज या त्यांच्या बाजारपेठेवर चार दिवस निघतात का? कुठल्या हॉटेलात राहावं? तिकीट नसताना नेमकं कुठे अडवतात? आणि मुलीला मिकी भेटलाच पाहिजे, ही अट आहे.

टँपाबे

निघतात, आरामात निघतात. पार्कवाली मंडळी सकाळी सातला बाहेर पडून रात्री अकराला खोलीवर येतात, त्यामुळे त्यांना कुठलंही स्वस्त हॉटेल चालतं. तुमचा निम्म्याहून जास्त वेळ हॉटेलातच जाणार. तिकिटांचे वाचलेले पैसे (पाच जणांचं तीन दिवसांचं तिकीट सहज दोन हजार डॉलरच्या वर जातं, तीन वर्षांखालच्या मुलाला लागत नाही) हॉटेलवर घाला.

कुठे अडवतात ते आधी सांगतो. पोहण्याचा पूल फक्त स्वतःच्या हॉटेलचा वापरता येतो. दुसऱ्या हॉटेलची लॉबी, दुकानं, खाण्याच्या जागा, बाग, किनारा सगळं बघायला मोकळं असतं, पण पुलाच्या फाटकाला मॅजिक बँड (खोली उघडणारा मनगटी पट्टा) किंवा खोलीचं कार्ड लागतं. बीच क्लबचा वाळूच्या तळाचा स्टॉर्मअलाँग बे पूल बघून लोक मुलांना पोहण्याचे कपडे घालून नेतात आणि फाटकावरून परत येतात. तो पूल हवा तर यॉट क्लब किंवा बीच क्लबमध्येच खोली घ्यावी लागते.

मोनोरेल, स्कायलायनर (तारेवरून हवेत जाणारे डबे), बोटी, बस यांतल्या कशालाच तिकीट लागत नाही. पार्कचं तिकीट पार्कच्या दारात लागतं, स्टेशनवर नाही. मोनोरेलच्या हॉटेल स्टेशनांवर बॅगा तपासतात, एवढंच.

आता सहा जणांची खोली. तीन वर्षांखालचं मूल पाळण्यात झोपणार असेल तर ते खोलीच्या माणशी मर्यादेत धरत नाहीत, म्हणून पाच जणांची खोली नियमात बसते. पण पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइडच्या पाच जणांच्या खोलीतला पाचवा पलंग लहान मुलाच्या मापाचा असतो. मुलीचं भागेल, आई-बाबा आणि तुम्ही दोघं शेजारशेजारच्या दोन पलंगांवर, बाथरूम एक. चार रात्री त्रासदायक होतं.

माझ्या मते तुमच्यासाठी दोनच जागा. पहिली, आर्ट ऑफ ॲनिमेशनचे फॅमिली सुइट: सहा जण, दोन बाथरूम, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. तिथला बिग ब्लू पूल डिस्नेच्या हॉटेलांतला सर्वांत मोठा. एका बाजूने उतरता आहे, पायऱ्या नाहीत, त्यामुळे बाबा आणि छोटा दोघंही चालत पाण्यात जातात. स्कायलायनरचं स्टेशन हॉटेललगत, तळ्यावरच्या पादचारी पुलावर. दुसरी, फोर्ट विल्डरनेसच्या केबिन. २०२४ मध्ये नव्या बांधल्या आहेत, सहा जण झोपतात, पूर्ण स्वयंपाकघर आहे, पण बाथरूम एकच.

कॅरिबियन बीच हॉटेलकडे स्वस्त म्हणून वळू नका. दुमजली इमारतींना लिफ्ट नाही आणि आवार अफाट पसरलेलं आहे. रिव्हरसाइडच्या ॲलिगेटर बायू भागालाही लिफ्ट नाही. घेतलंच तर तळमजला मागून घ्या, नुसती 'विनंती' नोंदवून भागत नाही. येण्याच्या चार-पाच दिवस आधी फोन करून गुडघ्याचं कारण सांगा.

डेव्हनपोर्टवाला

विरुद्ध मत देतो. पार्कात जायचंच नसेल तर डिस्नेच्या आवारात राहायचं कशाला? डेव्हनपोर्ट-किसिमी भागात स्वतःचा पूल असलेली चार खोल्यांची घरं भाड्याने मिळतात. सहा माणसं, चूल, वॉशिंग मशीन, सगळं. तिथून गाडीने वीस-तीस मिनिटांत डिस्ने स्प्रिंग्ज; तिथलं पार्किंग मोफत. घर बघताना स्वच्छतेचं वेगळं शुल्क आणि पूल गरम करण्याचे रोजचे पैसे (जूनमध्ये गरज नाही) धरून बेरीज करा. चार रात्रींवर वाटून निघणारं स्वच्छता शुल्क बोचतं. हाच हिशोब सात रात्रींना छान बसतो.

टँपाबे

घराचा मुद्दा खर्चाच्या बाजूने बरोबर आहे, पण या कुटुंबाचा बेत 'हॉटेलं हिंडणं' हा आहे आणि तिथेच बाहेर राहणारे अडकतात. डिस्नेच्या हॉटेलांच्या आवारात शिरताना फाटकावर रखवालदार असतो. मुक्काम नसेल तर जेवणाचं आरक्षण दाखवावं लागतं, आणि गाडी साधारण तीन तासच ठेवू देतात. आतषबाजीच्या वेळी किंवा सुट्टीच्या दिवशी पॉलिनेशियन, कंटेम्पररी या हॉटेलांच्या फाटकावरून आरक्षण नसलेल्यांना सरळ परत पाठवतात. आधी डिस्ने स्प्रिंग्जला गाडी लावून तिथून हॉटेलची बस पकडायची, ही जुनी पळवाटही आता भरवशाची नाही. बसपाशी मुक्काम किंवा टेबलाचं आरक्षण विचारू शकतात.

मुक्कामाला असलात की स्वतःच्या हॉटेलात रात्रीचं पार्किंग मोफत (२०२३ च्या जानेवारीपासून पुन्हा) आणि पार्कांच्या वाहनतळावरही मोफत. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत रिसॉर्ट फी नावाची वरची पट्टी नसते. स्वान आणि डॉल्फिन या हॉटेलांत असते, ती त्यांच्या दरात धरून तुलना करा. कर मात्र सगळीकडे साडेबारा टक्के किंवा त्याहून थोडा जास्त.

शार्लटकर

आर्ट ऑफ ॲनिमेशन आवडतंय. पण मग मोनोरेलवाली हॉटेलं आणि जिराफ दिसतात ते हॉटेल, तिथे कसं जायचं? नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं.

लोकलट्रेन

नकाशावर विसंबू नका. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नसते, हा या सगळ्या बेताचा कच्चा दुवा आहे. बस हॉटेलातून पार्कांना किंवा डिस्ने स्प्रिंग्जला जाते. हॉटेल ते हॉटेल म्हणजे मध्ये एकदा बदल, दोनदा थांबणं. साधारण वीस मिनिटांनी बस असं धरलं तरी एका बाजूला तास-सव्वा तास सहज जातो. तुमच्याकडे गाडी आहे, ती वापरा. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी उबर करावी. लहान मुलांच्या कार सीट हव्या असतील तर लिफ्ट (Lyft) या उबरसारख्या टॅक्सी कंपनीच्या ॲपवर डिस्नेच्या 'मिनी व्हॅन' मिळतात, त्यांत सीट असतात पण भाडं जास्त.

बसच्या भानगडीशिवाय मजा येते त्या तीन वाटा:

एक, स्कायलायनर. आर्ट ऑफ ॲनिमेशनहून बसलात की कॅरिबियन बीचच्या मोठ्या स्टेशनावर उतरून डबा बदलायचा, एप्कॉट पार्कचा मार्ग धरायचा. मध्ये रिव्हिएरा हॉटेलला डबा वळतो, तिथे उतरायची गरज नाही. शेवटचं स्टेशन एप्कॉटच्या मागच्या दाराच्या बाहेर आहे. तिथून तिकीट न दाखवता पाण्याच्या कडेने बोर्डवॉक या तळ्याकाठच्या फिरण्याच्या रस्त्याला चालत पाच-सात मिनिटं, किंवा तिथूनच बोट. सगळं मिळून अर्धा तास धरा. बाबागाडी घडी न करता डब्यात जाते (बसमध्ये घडी करावीच लागते). डब्यांना एसी नाही, वारा खेळता असतो. डबा चालू असताना गरम होत नाही, थांबला की होतं. स्टेशनावर डबे थांबत नाहीत, हळू सरकत असतात. बाबांना चढायला भीती वाटली तर तिथल्या माणसाला सांगा, व्हीलचेअरवाल्यांसाठी थांबलेल्या डब्याची वेगळी बाजू असते.

दोन, मोनोरेलचा हॉटेलवाला आतला मार्ग: ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, मॅजिक किंगडम (हे पार्क, बाकीची हॉटेलं), कंटेम्पररी आणि परत. पूर्ण फेरी पंधरा मिनिटांच्या आसपास. कंटेम्पररीत गाडी हॉटेलच्या पोटातून जाते, मुलांना तेवढं एक पुरतं. गाडी सेंटरच्या वाहनतळावर लावा, मुक्कामाचं कार्ड दाखवलं की पैसे घेत नाहीत. 'एक्स्प्रेस' लिहिलेल्या मोनोरेलमध्ये बसू नका, ती हॉटेलांना थांबत नाही. तिथूनच मॅजिक किंगडमला मोठी फेरीबोट जाते, तीही फुकट; दुरून किल्ला दिसतो, उतरून पुढच्या बोटीने परत यायचं.

तीन, डिस्ने स्प्रिंग्जमधली वॉटर टॅक्सी. पूर्वेचं मार्केटप्लेस ते पश्चिमेचं वेस्ट साइड हे अंतर गुडघे दुखणाऱ्या माणसाला लांब पडतं. ही बोट ते काम फुकट करते.

शार्लटकर

आणि जिराफ?

लोकलट्रेन

ॲनिमल किंगडम लॉज, म्हणजे जांबो हाउस आणि किडानी व्हिलेज या दोन इमारती. तिथे फक्त बस किंवा गाडीच जाते. प्राणी बघायला तिथला मुक्काम लागत नाही; दोन्ही इमारतींच्या मागच्या बाजूला सज्जे आहेत, ते सगळ्यांना खुले. जिराफ, झेब्रा, लांब शिंगांची अँकोले गुरं. दुपारी बारा ते तीन प्राणी सावलीला जातात, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. फाटकातून आत जायला किडानीतल्या 'सना'चं टेबल आरक्षित करा, म्हणजे जेवणही तिथेच होतं. खिडकीजवळचं टेबल आरक्षणात मागता येत नाही. पोचल्यावर विचारा, दहा-पंधरा मिनिटं थांबायची तयारी ठेवा. जेवण आटोपून अंधार पडायच्या आत सज्जावर या, रात्री तिथे चांदण्याएवढाच उजेड ठेवतात आणि मुलांना काही दिसत नाही.

हिंगजिरे

खाण्याचं मी लिहिते. सनात ब्रेड सर्व्हिस नावाचा प्रकार आहे: पाच प्रकारच्या रोट्या-नान आणि नऊ चटण्या-लोणची. चौघांना चाखायला एक पुरते, पोट भरायला दोन. आई-बाबांना तिथे घरच्यासारखं वाटेल, पण नानमध्ये अंडं किंवा दूध काय आहे ते विचारून घ्या.

अंड्यासाठी युक्ती: आरक्षण करताना ॲलर्जीच्या रकान्यात 'अंडं' निवडा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अमेरिकन स्वयंपाकघर अंडं धरूनच चालतं. ॲलर्जी नोंदवली की टेबलावर स्वयंपाकी किंवा प्रशिक्षित माणूस येऊन काय चालेल ते सांगतो. मेन्यूवर पानाचं चिन्ह दिसलं की त्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध काहीच नाही. ज्यात दूध-चीज आहे पण अंडं नाही अशा पदार्थाला कुठलंच चिन्ह नसतं, ते विचारूनच कळतं. मिकीच्या आकाराच्या वॉफलमध्ये अंडं असतं.

कॅम्पफायरला फोर्ट विल्डरनेसमध्ये मार्शमेलो भाजतात. त्यात जिलेटिन असतं, म्हणजे प्राणिज. येताना मोठ्या किराणा दुकानातून व्हीगन मार्शमेलोचं पाकीट आणा, काड्या आणि शेकोटी तिथे आहेच.

खोलीत इंडक्शन, कुकर, इलेक्ट्रिक शेगडी लावू नका. नियमात बसत नाही आणि धुराचा भोंगा वाजला की अख्खी इमारत रिकामी करतात. पुण्याहून आणलेली २३० व्होल्टची किटली इथल्या १२० व्होल्टवर पाणी उकळायला फार वेळ घेते. सुइटमध्ये मायक्रोवेव्ह आहे, त्यात दही-पोहे, उपमा, तयार भाताची पाकिटं निभतात. थर्मास जवळ ठेवा. चहाबाज असतील तर हॉटेलात पुन्हा भरता येणारा मग घ्या, वीस डॉलरच्या थोडा वर जातो. मुक्कामभर चहा, कॉफी, सरबतं कितीही. कुठल्याही हॉटेलच्या फूड कोर्टात चालतो. माणशी एक घेण्याची गरज नाही असं वाटतं खरं, पण मगमध्ये चिप असते आणि भरण्यामध्ये दोन-तीन मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं. दोघांच्या चहाला दोन मगच बरे.

टँपाबे

मिकीचं राहिलं. पार्कबाहेर मिकी भेटायच्या खात्रीच्या दोन जागा सांगतो: कंटेम्पररीतलं शेफ मिकीज (बुफे) आणि रिव्हिएराच्या गच्चीवरचं टोपोलिनोज, तिथे फक्त नाश्त्याला. तुमच्या हॉटेलातून रिव्हिएरा स्कायलायनरने जमतं.

साठ दिवस आधी सकाळी आरक्षण उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात मुक्काम असेल तर चेक-इनच्या साठ दिवस आधी पुढच्या सगळ्या रात्रींचं एकदम करता येतं. म्हणून या टेबलासाठी मुक्कामाचा शेवटचा दिवस धरा. इतर लोकांना तो दिवस अजून उघडलेला नसतो. उशिरा रद्द केलं किंवा गेलाच नाहीत तर माणशी दहा डॉलर कापतात.

शेफ मिकीजच्या नाश्त्याला मोठ्या माणसाचे ५५-६० डॉलरच्या घरात जातात, रात्रीचे त्याहून जास्त. वर कर आणि टिप. अंडं-मांस न खाणाऱ्या आई-बाबांसाठी एवढे पैसे देणं मला पटत नाही. मुलगी, छोटा (तीन वर्षांखाली फुकट) आणि तुमच्यापैकी एक असे आत जा. बाकीचे त्या वेळात मोनोरेलची फेरी मारतील. आरक्षण जेवढ्या माणसांचं, तेवढेच आत, हे आधी ठरवा.

चिप आणि डेल (डिस्नेच्या कार्टूनमधल्या दोन खारी) फुकट भेटतात: फोर्ट विल्डरनेसच्या संध्याकाळच्या कॅम्पफायरला, नंतर उघड्यावर सिनेमा. बाहेरच्या गाड्या तिथे प्रवेशद्वाराजवळच लावाव्या लागतात, आत त्यांची स्वतःची बस फिरते. कार्यक्रमाच्या पाऊण तास आधी फाटकावर असा, नाहीतर बसच्या रांगेत पहिली गाणी जातात.

लोकलट्रेन

जून आहे, म्हणून वेळापत्रक हवामानावर बसवा. दुपारी दोन ते सहाच्या मध्ये वीज-वादळ येतं. वीज जवळ आली की पूल रिकामे करतात, स्कायलायनर आणि बोटी थांबतात. मोनोरेल आणि बस चालू राहतात. म्हणजे पूल सकाळी साडेनऊ ते एक. दुपारी खोलीत झोप किंवा छताखालचं काही: डिस्ने स्प्रिंग्जमध्ये सर्क द्यू सोले या सर्कस कंपनीचा 'ड्रॉन टू लाइफ' हा खेळ दीड तासाचा, एसीत बसून, आई-बाबांना पार्कातल्या कुठल्याही राइडपेक्षा आवडेल. हे तिकीट मात्र वेगळं आणि स्वस्त नाही. बोर्डवॉक संध्याकाळी साडेसहानंतर. परतीच्या स्कायलायनरवर संध्याकाळी भिस्त ठेवायची असेल तर गाडीची चावी खिशात असू द्या, म्हणजे एकजण उबरने हॉटेलवर जाऊन गाडी आणू शकतो.

मॅजिक किंगडमची आतषबाजी पॉलिनेशियनच्या किनाऱ्यावरून दिसते, संगीतही लावतात. पाऊण तास आधी पोचा. त्याच तळ्यावर रात्री दिव्यांच्या तराफ्यांची मिरवणूक जाते, १९७१ पासून चालू आहे. वेळ आतषबाजीप्रमाणे सरकते, हॉटेलच्या काउंटरवर विचारा. कुठल्याही तळ्यात पाय बुडवू द्यायचा नाही, अगदी घोट्यापर्यंतही. किनारा वाळूचा असला तरी मगरी असतात, पाट्या त्यासाठीच आहेत.

डेव्हनपोर्टवाला

चेक-इनच्या दिवशी वॉटर पार्क फुकट मिळतं, हे कुणी लिहिलं नाही. २०२५ पासून डिस्ने हॉटेलच्या पाहुण्यांना आहे, बुक करताना चालू आहे ना ते बघा. नाव 'पार्क' असलं तरी तुमच्या नियमाला अपवाद करायला हरकत नाही. टायफून लगूनमध्ये लहान मुलांचा वेगळा भाग आहे. लाटांच्या तळ्यात छोट्याला नेऊ नका, लाट मोठ्या माणसालाही आपटते. आणि शार्लटहून गाडीने येणार असाल तर आदल्या रात्री वाटेत मुक्काम करा, नाहीतर चेक-इनचा दिवस रस्त्यावरच जाईल.

शार्लटकर

सगळं टिपून घेतलं. आईला साडी किंवा सुती सलवारमध्ये पुलात उतरू देतात का? आणि शेवटच्या दिवशी अकराला खोली सोडल्यावर पूल वापरता येतो?

हिंगजिरे

सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत. पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा लायक्राचा पोहण्याचा सूट चालतो, अमेरिकेतच मागवा. छोट्याला पोहण्याचा डायपर सक्तीचा आहे. लाइफ जॅकेट पुलावर फुकट मिळतात, बाबांच्या मापाचंही.

टँपाबे

खोली सोडल्यावरही त्या दिवशी पूल वापरता येतो, तसाच आल्या दिवशी तीनच्या आधी, खोली तयार नसतानाही. सामान बेल सर्व्हिसकडे द्या, पावती घ्या, टिप द्या. औषधं, थंड ठेवायचं काही आणि कोरडे कपडे त्या सामानात जाऊ देऊ नका. ती एक पिशवी वेगळी काढून गाडीत ठेवा, कारण बेल सर्व्हिसकडून बॅग परत मागवायला गर्दीच्या वेळी वीस मिनिटं लागतात. कपडे बदलायची जागा पुलाशेजारच्या स्वच्छतागृहात आहे.